अर्धी प्रदक्षिणा

वीरम्माने चपला काढल्या आणि चिंचेच्या भाताचा, पुलिहोऱ्याचा डबा नवऱ्याच्या, म्हणजे भूषणम मास्तरांच्या, हातात दिला.

"इथेच थांबा. माझं झालं की तुम्ही जा."

गुंटुपल्लीच्या डोंगरावर त्या गोल लेण्यात कातळात कोरलेला एकच स्तूप आहे. वीरम्माला तो महादेव, मास्तरांना तो बुद्ध. लग्नानंतर मास्तरांनी बुद्धाची वाट धरली तेव्हा घरात बरीच आदळआपट झाली. शेवटी तह झाला, की दर कार्तिकात दोघांनी यायचं. आधी तिने आत जायचं, मग त्यांनी. तह दोघांनीही मुकाट पाळला होता.

पण उद्या एलुरूला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. बाई घाबरली आहे हे मास्तरांनी बसमध्येच ओळखलं, कारण 'मी काही घाबरत नाही' हे पालुपद तिने सोडलंच नव्हतं. आता आत जाऊन बराच वेळ झाला तरी ती बाहेर येईना. मास्तरांनी डबा पायरीवर ठेवला, तह मोडला आणि ते आत शिरले.

स्तूप उजव्या हाताला ठेवून ते चाचपडत निघाले. वाट जेमतेम माणूसभर रुंद. स्तूपामागच्या अंधारात वीरम्मा समोरून येऊन थेट त्यांच्यावर आदळली. महादेवाला पूर्ण फेरी घालत नाहीत, म्हणून ती अर्ध्यातून परत फिरली होती. एकाने माघार घेतल्याशिवाय सुटका नव्हती.

"तुम्ही?"

"चुकलो. आलो तसा फिरतो."

मास्तर वळले, पाऊलभर चालले आणि त्यांनी तिच्यासाठी हात मागे केला. हाताला काहीच लागेना. वळून पाहतात तर ती पाठमोरी, पलीकडे निघालेली.

"अगं, तिकडे कुठे?"

"म्हटलं, आज तुमच्या रीतीने पूर्ण फिरावं."

"आणि मी तुझ्या रीतीने मागे फिरलो."

वीरम्मा हसायला लागली, मग मास्तरही. लेण्याच्या घुमटाकार छताखाली हसू बराच वेळ घुमत राहिलं. मास्तरांना फार बरं वाटलं. तिने चाचपत त्यांचा हात शोधला. तिची बोटं गार पडली होती.

"उद्याही दाराबाहेरच थांबणार?"

"डॉक्टर आत सोडत नाहीत गं."

"मग इथे तरी कुणी सोडलं होतं?"