बंदुकीच्या तोंडात पुरन

अनसिंगात तवा लायसनची बंदूक एकच होती, माह्या सासऱ्याची. जानराव त्याईचं नाव. सुनेनं नाव घेऊ नये म्हंतात, पन आता ऐकाले ते कुठी हायेत! बंदूक ठासनीची. तोंडातून बारूद घालाची, वरून चिंधी, वरून छर्रे, अन् लोखंडी गजानं ठासाचं. मांगं नळीले बारीक भोक, त्याले कान म्हंतात; त्या कानावर फटाक्याची टोपी बसोली का बार तयार. नळी एवढी लांब, का मामंजी वसरीत बसून ठासत तवा गजाचं टोक कौलातून बाहीर निंघे अन् त्याच्यावर कावळे बसत.

पन शिस्त लय. बंदूक रिकामी असली तरी तिचं तोंड कोनाकडं होऊ देत नसत. एकदा बोका आडवा गेला, तं त्यालेही दटावलं, "मराचं हाये काय बे?"

त्या साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हेमसिंग ठानेदार बंदूक पाहाले येनार होता. समोर फुटली तं घरी राहीन, नाही फुटली तं जमा. मामंजीच्या तोंडचं पानी पळालं. ज्वारी कनसात आल्ती, अन् रानडुकरं बांधावर पंगतीले बसल्यासारखी बसून राह्यली होती.

दसऱ्याले विळा, कुऱ्हाड, बंदूक सारे मांडून पूजा झाली. दुसऱ्या दिवशी खळ्यात मामंजीनं बंदूक ठासली, टोपी बसोली, तोंड मोकळ्या बरडाकडं केलं अन् घोडा ओढला. फट्! टोपी फुटली, बार काही निंघाला नाही.

"गेली तुमची बंदूक," ठानेदार हासला, अन् नळीत पाहाले फुडं आला.

"सायेब, मांगं!" मामंजी वरडले. "आत बारूद हाये, केवाही उडन."

"मले हुकूम देता?"

"बोक्यालेही देतो, सायेब."

मामंजी तोंड बरडाकडंच धरून उभे राह्यले. पान खाऊन व्हावं एवढा टाइम गेला. मंग कानात तार घालून पाह्यली. तारेले पिवळं पिवळं लागून आलं. मामंजीनं हुंगलं.

"जायफळ!"

तसेच घराकडं वळून वरडले, "अवो शालिग्रामची माय! काय घातलं हिच्यात?"

माही सासू गोजराबाई दारात आली. "पुरन घातलं. बैलाले घास देल्ला, नांगराले देल्ला, हिचं तं एवढं मोठं तोंड! सालभर तुमच्यासाठी आग ओकते, अन् सनाच्या दिशी उपाशी ठेवू?"

"गजानं ठासून?"

"मंग काय! तुमीच तं म्हनता, सैल ठासू नये."

मामंजी म्हने, "सायेब, पानी घालून धुतो, उद्या फोडतो." ठानेदार म्हने, "आत्ता, नाहीतं जमा."

मंग मामंजीनं तारेनं कान मोकळा केला, चिमूटभर बारीक बारूद कानात सोडली, नवी टोपी बसोली. बंदूक बैलाच्या बंडीले आवळून बांधली, तोंड आभायाकडं. घोड्याले लांब दोरी. सारे ढोरायच्या कोठ्याच्या भिंतीमांगं. ठानेदार सगळ्यात मांगं, म्हशीच्या आड.

दोरी ओढली. धड्डाम!

बंडी उलटी धावत नदीवर पानी पिऊन आली. आभाय पिवळं झालं. तिकडं मेडशी गावात पुरन पडलं म्हंतात, लोकं ताटं घेऊन आंगनात आले अन् वर पाहून म्हनाले, "आता तूपही येऊ द्या!" ठानेदाराच्या मिशीले एक लोंदा लागला. त्यानं जीभ फिरोली.

"फुटते," तो म्हने. "ठेवा घरी. गूळ बराबर हाये."

बंदूक राह्यली. पन वास डुकरायले लागला होता. मामंजी ज्वारीत गेले, बंदूक वर केली, तं डुकरं पळाचे सोडून समोर रांगेनं बसले, तोंडं उघडून.

मामंजी तसेच घरी आले. "तुनंच बोलावले ना पाव्हने? आता तूच वाढ त्याईले!"

सासूनं पदर खोचला अन् बेलनं घेऊन निंघाली. त्या साली ज्वारी वाचली ते बेलन्यानं.