सत्तेचाळीसमधलं शून्य

आमच्या खात्याचा नकाशा कोणालाही कळेल असा. जिथे प्राणी-पक्षी, झाडं भरपूर, तो चौकोन लाल. तिथून रस्ता न्यायचा नाही. जिथे काहीच नाही, तो पांढरा. तिथून खुशाल न्या. आणि जिथे कोणी पाहायलाच गेलं नाही, तिथे तिरप्या रेघा. रेघा राहिल्या की रस्त्याचं काम अडतं आणि साहेब माझ्या डोक्यावर बसतात.

सत्तेचाळीस नंबरच्या चौकोनात मी गेलो नाही. तिथल्या पाणथळीची वाट दादाच्या दारावरून जाते. आईच्या आजारपणात आमचं वाजलं, त्याला सहा वर्षं झाली. त्याचं तोंड बघायचं नाही म्हणजे नाही. मग ऑफिसात बसूनच तक्त्यात शून्य भरलं, तारीख टाकली, सही ठोकली. म्हटलं, एका चौकोनाने काय आभाळ कोसळणार आहे? गाढव मी, दुसरं काय! लहानपणी त्याच पाणथळीवर दादाने मला पाठुंगळी नेऊन पाणमांजरं दाखवली होती.

मंगळवारी दादा ऑफिसात आला. दाढी पार पिकलेली, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. मला बघून त्याला हायसंच वाटलं.

"बरं झालं तू भेटलास. भराव टाकतायत रे पाणथळीत. पाणमांजरांचं एक बीळ बुजलं, पिल्लं आतच राहिली. दोन बिळं उरलीत. सांग ना यांना."

साहेबांनी फाइल काढून त्याच्यापुढे सरकवली. "पाहणी झालीय. तुमच्या भावानेच केलीय. ही त्याची सही."

दादाने कागद डोळ्यांजवळ धरला. म्हटलं, आता हा चारचौघांत माझी काढणार. पण तो तारखेवरच अडकला होता.

"तू आला होतास?" त्याने हळूच विचारलं. "दारावरून गेलास, आणि आत नाही आलास?"

साहेब माझ्याकडेच बघत होते. 'मी गेलोच नव्हतो,' एवढंच म्हणायचं होतं. भराव आजच थांबला असता. माझी नोकरीही आजच गेली असती.

"घाईत होतो, दादा."

त्याने कागद परत टेबलावर ठेवला. मग साहेबांकडे वळला.

"साहेब, याला बोल लावू नका. भरदुपारी गेला असेल बिचारा. दुपारी ती बाहेर येत नाहीत."

साहेबांनी फाइल मिटली.