सगुणाबाईच्या नावाची डबी

कालव्याच्या पुलाचा चढ अर्धा झाला आणि कडूबाईला पुन्हा उबळ आली. तिने एक पाय जमिनीला टेकवला, हँडलवर ओणवी झाली आणि पदर तोंडाशी धरून खोकत राहिली. मागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याने "काय आशाताई, थकलात का?" असे विचारले, तेव्हा तिने नुसतीच पुढे जा म्हणून हाताने खूण केली. बोलायला श्वास उरला नव्हता. तेवढ्यात पिशवीतला मोबाइल वाजला.

"ताई, हरिओम बोलायलोय." तालुक्याच्या दवाखान्यात टीबीचे काम बघणारा हा पोरगेलासा माणूस. "तुमच्या यादीतली सगुणाबाई पॉझिटिव्ह आली. तिच्या पोराला मी फोन केलाय. तुमी घरी जाऊन जरा नीट समजावून सांगा. गोळ्या उद्या चालू करू."

"बरं," एवढेच कडूबाईच्या तोंडून निघाले.

"आन् ताई, तुमी बी लय खोकायलात की."

"धूळ हो. सायकलीवर धूळ लय लागती."

तिने फोन पिशवीत टाकला. तपासणीला पाठवलेल्या थुंकीच्या डबीवर नाव सगुणाबाईचे होते हे खरे, पण डबीतली थुंकी कडूबाईची होती.

सोळा वर्षांपूर्वी, तिशीत, ती गावची आशा कार्यकर्ती झाली. काम तीन वस्त्यांचे आणि पाय दोन, म्हणून नवऱ्याच्या जुन्या सायकलीवर ती शाळेच्या मैदानात चालवायला शिकली. तेव्हा गावाला फुकटचा तमाशा मिळाला होता. बाया तोंडाला पदर लावून हसल्या, आणि बाप्यांना त्या महिन्यात शाळेच्या बाजूलाच नेमकी कामे निघाली. पुढे त्याच बाया तिच्या घंटीची वाट बघू लागल्या. घरापुढे आली की ती दोनदा घंटी वाजवायची आणि मग कुणी लेकरू घेऊन यायची, कुणी गोळ्या मागायची. देवगाव फाट्याकडच्या वस्तीवर तर म्हातारे तिच्या घंटीवर चहा टाकायचे.

आणि प्रत्येक दारात तिचे एक वाक्य ठरलेले असायचे. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासा, लाजू नका. हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटले होते की म्हणताना तिला ते आता ऐकूही येत नसे.

तिचा स्वतःचा खोकला सात आठवड्यांचा झाला होता. अडुळसा झाला, हळद घातलेले दूध झाले, ज्येष्ठमधाच्या कांड्या चघळून दात पिवळे झाले. रस्त्यालगतच्या जिनिंगमधून कापसाचे तूस उडते, त्याच्यावर आळ घालून झाला. तपासायचे मात्र तिच्याच्याने होईना. यादी करणाऱ्या बाईचे नाव यादीत येणे तिला सहन होणारे नव्हते. यादीत नाव आलेल्या माणसाकडे गाव कसे बघते, हे तिच्याइतके कुणी बघितले होते? घरात सून प्रियांका होती आणि नऊ महिन्यांची नात अबोली. आजीची घंटी ऐकली की अबोली रांगत उंबऱ्यापर्यंत यायची. त्या लेकराला उचलायचे नाही, ही कल्पनाच कडूबाईला करवत नव्हती.

डबीचे घडले ते असे. सगुणाबाईचा खोकला जुना, थंडीतला. गेल्या आठवड्यात कडूबाईने तिला डबी दिली, वर नाव लिहिले, सकाळी घ्यायला गेली. म्हातारीने खूप खाकरून बघितले, पण काही पडेना. "न्हाई येत बाई, घिऊन जा तुही डबी," म्हणून तिने रिकामी डबी परत केली. ती पिशवीत टाकून कडूबाई निघाली आणि ह्याच पुलावर तिला उबळ आली, चांगली भरघोस. हाताशी डबी होती, ती तीतच थुंकली आणि डबी तशीच तपासायला पाठवली. आपले काही निघणार नाही, म्हातारीलाही काही नाही म्हणून कळेल, दोघींचाही घोर मिटेल, असे तिला वाटले. मनात पाप नव्हते. पण गाढवपणा करायला पाप लागतेच असे कुठे आहे?

ती सगुणाबाईच्या घरापुढे उतरली तेव्हा घंटी वाजवायची विसरली. म्हातारीची बाज गोठ्यापलीकडे लिंबाखाली नेऊन टाकली होती. बाजेखाली एक ताट आणि एक पेला वेगळा काढून ठेवलेला होता.

"बरं झालं आलात ताई," सगुणाबाईचा मुलगा परमेश्वर लगबगीने पुढे आला. "आईला तिकडं काढलं. घरात लेकरं हायत ना. बरोबर केलं का न्हाई?"

कडूबाई बाजेपाशी गेली. सगुणाबाई गुडघ्याला मिठी मारून बसली होती. पोराला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिने विचारले, "कडू, म्या तर डबी कोरीच दिली होती ना गं?"

थोडं होतं मावशी, तुमाला दिसलं नसंल. वाक्य कडूबाईच्या जिभेवर तयार होते. तेवढे म्हटले असते तर सगळे निभावले असते.

तेवढ्यात म्हातारीनेच मान हलवली. "आसंल बाई. मला म्हातारीला काय कळतंय."

 कडूबाईने पदर नाकातोंडावर घट्ट बांधला आणि ती परमेश्वरपासून चार हातांवर येऊन उभी राहिली.

"भाऊ, आईची बाज घरात घ्या. ती थुंकी माझी होती."

परमेश्वरला आधी उमजलेच नाही. उमजले तसा तो दोन पावले मागे सरला. सोळा वर्षे ह्या अंगणात कुणी तिच्यापासून मागे सरले नव्हते.

"मंग इतके दिवस आमच्या लेकरायला मांडीवर घ्यायलात तुमी?"

"हाव. घेतलं." ती स्वतः आणखी एक पाऊल मागे सरली. "लेकरायची तपासणी करून घेऊ. मावशीची बी नव्याने करू."

तिने तिथेच उभ्याने हरिओमला फोन लावला आणि सगळे सांगितले.  तो म्हणाला, "ताई, हे वर कळवावं लागंल."

"कळवा. आन् नाव लिहून घ्या. कडूबाई. वय सेहेचाळीस. खोकला सात आठवडे." नोंदीच्या फॉर्मात पुढचा रकाना घरातल्या लहान मुलांचा होता.  "एक. नऊ महिन्यांची."

सगुणाबाई तोवर उठली होती. तिने रांजणातून पाणी घेतले, बाजेखालच्या त्या वेगळ्या पेल्यात ओतले आणि कडूबाईपुढे धरले.

"घे. तुहाच हाय ह्यो पेला."

कडूबाई बाजूला झाली, पाठ फिरवून पाणी प्यायली, पेला घासून लिंबाखाली पालथा घातला. निघताना परमेश्वर बाजेचे एक टोक उचलत होता. त्याने तिच्याकडे बघितले नाही.

घराकडे ती सायकल हातात धरून चालत गेली. रस्त्यात दोन बायांनी हाक मारली, तिने लांबूनच हात वर केला. गल्लीत फरशी उखडलेली होती. तिथे सायकलीला हिसका बसला की घंटी आपोआप किणकिणायची आणि अबोली खेळणे टाकून उंबऱ्याकडे निघायची. आतून प्रियांकाचा आणि लेकराचा आवाज येत होता.

कडूबाईने घंटीवर तळहात दाबून धरला आणि ती हळूहळू दारापर्यंत आली.