तालीनचा थंड डबा

तीस वर्षं मी अकाबा बंदर ते अम्मान ट्रक हाकला. त्या तीस वर्षांत गरम जेवलो असेन ते फक्त शुक्रवारी, घरी. बाकी सगळं थंड. रस्त्याकडेला गाडी लावायची, सावलीत फडकं पसरायचं आणि जे असेल ते खायचं. तेव्हा थंड जेवणातलं मला कुणी शिकवायला नको. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं माझी सगळी अक्कल तिथंच आपटली.

तालीन माझी नात. वय वर्षं पाच. माझ्या हनादीची मुलगी. हनादी कुवेतला दवाखान्यात नर्स आहे. नवऱ्याशी तिचं फाटलं, तो मुन्धिर झर्काला दुसरा संसार मांडून बसला. माझी बायको चार वर्षांपूर्वी गेली. म्हणजे करकच्या या घरात आम्ही दोघंच. मी तिला जिद्दो, म्हणजे आजोबा म्हणतो, ती मला जिद्दो म्हणते. आमच्यात आजा नातीला स्वतःचंच नातं लावून हाक मारतो, त्यामुळं घरात दोन आजोबा राहतात असं शेजारीण उम्म कायद म्हणते.

ऑक्टोबरात मुन्धिर पोरीला भेटायला आला. मांडीवर घेतलं, मनगट चाचपलं, आणि त्याचं तोंड उतरलं.

"अबू गालेब, हिची हाडं लागतात हाताला."

"या वयात सगळी पोरं अशीच असतात."

"माझी धाकटी हिच्याहून दोन वर्षांनी लहान आहे. ती जड लागते." मग म्हणाला, "वजन करून घ्या. दवाखान्यातल्या सिस्टरच्या वहीत लिहून घ्या. दोन महिन्यांत वाढलं नाही तर मी न्यायला येतो. मला भांडण करायचं नाही, पण करावं लागलं तर करीन."

आता याला वाईट म्हणावं तर तेही जमेना. बाप आहे. पोरीचं मनगट मी रोज धरतो, रस्ता ओलांडताना. मला काय ठाऊक नव्हतं?

दवाखान्यात काटा लावला. चौदा किलो आठशे.

बालवाडीच्या मिस नेवीननं वर्षाच्या सुरुवातीलाच कागद दिला होता. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून त्यांनीच तोंडी सांगितलं, "हे बघा जिद्दो, इथं गरम करायची सोय नाही. पाकिटातला खाऊ चालणार नाही. आणि रोज तेच ते देऊ नका, पोरं कंटाळतात."

वजन केल्यानंतर पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. म्हणलं पोरगी बारीक आहे, हिला मटण पाहिजे. ताकाच्या रश्श्यातलं मटण, वर भात, वर साजूक तूप. दहा वाजता डबा उघडला तेव्हा तुपाची मेणबत्ती झाली होती. मिसनं डबा तसाच परत पाठवला. मी मलाच शिव्या घातल्या. तीस वर्षं रस्त्यावर काढून एवढं कळू नये? तुपातलं थंड झालं की मरतं. ऑलिव्हच्या तेलातलं जगतं. आमच्या रस्त्यावरचा कुठलाही ड्रायव्हर सांगेल.

मग मी मनावर घेतलं.

रविवारी, आमच्याकडं शाळेचा आठवडा तिथून सुरू होतो, शराकच्या पातळ रोटीत दह्याचा घट्ट चक्का, पुदिना, काकडी, वरून तेल, आणि गुंडाळी करून तिचे चार तुकडे. सोमवारी द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात, लिंबू पिळून. त्या गुंडाळ्या मी उम्म कायदकडून शिकलो. पहिल्या वेळी माझ्या गुंडाळ्या बघून ती म्हणाली, "अबू गालेब, हे काय, टायर बांधलेत का?" मंगळवारी उकडलेलं अंडं, जिरे-मिठाची पुडी आणि बिया काढलेले ऑलिव्ह. बुधवारी मसूर-भात आणि तळलेला कांदा. गुरुवारी रोटीत तिळाचा हलवा आणि सफरचंदाच्या फोडी. सफरचंद काळं पडतं, म्हणून फोडी परत जुळवून रबर लावायचो. पुढच्या आठवड्यात ओळ बदलायची. झातरचा तीळ घातलेला मसाला, चीज, तेलात मुरवलेलं बारकं वांगं, खजुरात बदाम.

डबा दुपारी परत यायचा तो चाटून पुसून. एक तीळ शिल्लक नसायचा. मी तो डबा खिडकीत उपडा घालून उम्म कायदला दाखवायचो.

"बघ. आहे का काही?"

"दात नाहीत तोंडात नि मिरवतोय केवढा," ती म्हणायची.

महिन्यानं परत काट्यावर उभं केलं. चौदा किलो चारशे.

मी सिस्टरला म्हणलं, काटा बिघडलाय. ती म्हणाली, स्वतः उभे राहा. मी राहिलो. काटा बरोबर होता.

मुन्धिरनं दिलेल्या मुदतीतला एक महिना उरला होता. पोरगी डबा संपवते, मग जातं कुठं? डॉक्टरनं तपासलं. जंत नाहीत, ताप नाही, रक्त बरं आहे. म्हणाला, "खायला घाला." जसं काही मी तिला दगड घालत होतो. उम्म कायदनं तुरटीचा खडा आणला, तालीनच्या डोक्यावरून सात वेळा उतरवला आणि निखाऱ्यावर टाकला. तुरटी फुगून वेडीवाकडी झाली.

"बघ, बाईचा चेहरा दिसतोय. कुणा बाईची नजर आहे."

"मला तर त्यात तूच दिसतेस," मी म्हणलं. पण हसू आलं नाही मला.

हनादीचा फोन यायचा. "बाबा, तालीन बरी आहे ना?" मी म्हणायचो, "घोडी झालीय."

मी डबा मोठा आणला. जास्त भरला. आणखी चांगलं भरलं. तोही स्वच्छ. पोरगी दीड वाजता यायची, दोन घास खायची आणि गादीवर आडवी व्हायची. रात्रीही दोनच घास. सकाळी चहाच्या घोटापलीकडं तिला काही जातच नाही, ते पहिल्यापासूनचं. झोपलेली असली की मी तिच्या बरगड्या मोजायचो. मोजायचं नाही असं ठरवून बसायचो आणि तरी मोजायचो.

एका बुधवारी राहवलं नाही. पावणेदहाला पिकअप घेऊन गेलो, बालवाडीच्या कुंपणाशी लावली, आणि काचेतून बघत बसलो. पोरं अंगणात आली. थंडी होती, पण ऊन होतं. सगळी भिंतीलगत बाकांवर बसली.

तालीननं डबा उघडला, त्या दिवशी द्राक्षाच्या पानांतल्या गुंडाळ्या होत्या. आणि उठून उभी राहिली.

दोन्ही हातांत डबा धरून ती पहिल्या पोरापुढं गेली. काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं. "तफद्दल." घ्या म्हणाली. पोरानं घेतलं. दुसरीपुढं गेली. तिनं घेतलं. तिसऱ्यानं दोन घेतले. अख्ख्या रांगेपुढून फिरली माझी पोर, कॉफीचा मान देत फिरावं तशी, ताठ, सावकाश. कुणालाही वगळलं नाही. मग जागेवर येऊन बसली, डब्यात बोट फिरवलं, बोटाला लागलेला भाताचा दाणा खाल्ला, आणि झाकण लावलं.



हे तिला शिकवलं कुणी? मी. दुसरं कोण? चालायला लागली तेव्हापासून सांगत आलो, जिद्दो, कुणाची नजर आपल्या घासावर असेल तर आधी त्याला विचारायचं, मग तोंडात घालायचं. रस्त्यावर मी तीस वर्षं तेच केलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारली. पण मोठा माणूस काय करतो? छातीवर हात ठेवतो, "तुलाच लाभो" म्हणतो, आणि पुढं जातो. फार आग्रह केला तर एक ऑलिव्ह उचलतो. तीस वर्षांत माझं फडकं कुणी रिकामं केलं नाही. विचारणारा विचारतो, ऐकणारा नको म्हणतो, आणि दोघांचा मान राहतो. पोरांना ही पुढची अर्धी बाजू कुठं ठाऊक? आणि तालीनला तरी कुठं? घरी ती मला घास द्यायची तेव्हा मी कधी नको म्हणलो नाही. लाडाची नात. हाताला चावायचो वर.

मिस नेवीनला भेटलो तर त्या हसत म्हणाल्या, "जिद्दो, तुमच्या डब्याची सगळी वाट बघतात. आज काय आणलं, आज काय आणलं. मी म्हणलं, किती समजूतदार पोरगी आहे."

"आणि ती काय खाते?"

त्यांचं हसू गेलं. "मला वाटलं, आधी खाऊन मग वाटते."

म्हणजे मी जितके प्रकार केले, तितके हात पुढं आले. साधी रोटी दिली असती तर कुणी बघितलंही नसतं.

उम्म कायदचा तोडगा तयार होता. "तिला सांग, भिंतीकडं तोंड करून खा."

"माझी नात भिंतीकडं तोंड करून खाणार?"

"मग झर्काला पाठव."

दुपारभर मी अंगणात चकरा मारल्या. पोरीला म्हणावं काय? विचारू नकोस? जे सांगण्यात माझं आयुष्य गेलं ते खोटं होतं म्हणू? चारला ती उठली, माझ्याजवळ येऊन बसली. मी कॉफी चढवली. वेलदोडा टाकला, किटली उतरवली, आणि सवयीनं पहिला पेला स्वतः घेतला.

आणि हात तिथंच थांबला.

"जिद्दो, इकडं ये. घरी पाहुणे आले तर पहिली कॉफी कोण पितं?"

"तुम्ही."

"का?"

"माहीत नाही."

"यजमान आधी पितो. पाहुण्याला आपण काय देतोय, चांगलं आहे ना, कडू झालं नाही ना, हे आपल्याला ठाऊक पाहिजे. न चाखता पाहुण्यापुढं ठेवणं म्हणजे त्याचा अपमान. कळलं?"

तिनं मान हलवली. डोळे मोठे झाले होते.

"बालवाडीत यजमान कोण?"

"मी?"

"मग आधी तू खायचं. नंतर विचारायचं."

"एक घास?"

"कॉफीचा एक पेला. डब्याचा..." मी डबा आणला आणि चाकावर खुणा करतो त्या लाल पेन्सिलीनं आतून रेघ ओढली. अर्ध्याच्याही पुढं. "इथपर्यंत. एवढं खाल्ल्याशिवाय यजमानाला कळत नाही."

"आणि त्यांनी बघितलं तर?"

"बघू दे. थांबू दे. पाहुणा थांबतो."

दुसऱ्या दिवशी मी परत कुंपणाशी. ती बसली. पोरं आली, भोवती उभी राहिली. तिनं हात वर केला, थांबा म्हणून, आणि खायला लागली. इतकं सावकाश की माझा जीव टांगला. मधे मधे डब्यात वाकून रेघ बघायची. रेघ आली तशी उठली आणि वाटायला निघाली.

तीन आठवडे असे गेले. मी वजन करायला नेलं नाही. नेलं असतं आणि काटा हलला नसता तर मला झोप लागली नसती, आणि तशीही लागत नव्हती.

ठरलेल्या दिवशी मुन्धिर झर्काहून आला. दवाखान्यात बाकावर बसलो, मधे तालीन. खरं सांगतो, मी सकाळी तिच्या कोटाच्या खिशात चाकाचे चार नट टाकले होते. आयुष्यभर वजनकाट्यावर माल कमी कसा दाखवायचा ते शिकलो, जास्त दाखवायची पाळी ही पहिलीच.

सिस्टरनं हाक मारली. तालीन उठली, खिशात हात घातला, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "जिद्दो, हे तुमचे राहिले माझ्याकडं." आणि एक एक करून चार नट माझ्या हातावर ठेवले.

मुन्धिरनं नटांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी छताकडं.

"कोट काढ गं बाळ," सिस्टर म्हणाली.

काटा हलला, मागं गेला, पुढं आला. सिस्टरनं चष्मा वर केला. "चौदा किलो नऊशे."

मुन्धिरनं तिच्या हातातली वही घेऊन स्वतः वाचलं. मागचा आकडा बघितला, त्याच्या मागचा बघितला. मी नट मुठीत आवळून बसलो होतो, तळहाताला वळ उठले.

"वाढलंय," तो म्हणाला.

"वाढलंय."

"पाचशे ग्रॅम." वही परत दिली. "पुढच्या महिन्यात परत बघतो, अबू गालेब. कोट काढूनच."

दहा वाजले होते. तालीननं बाकावर डबा उघडला. तिळाचा हलवा घातलेली रोटी होती, सफरचंद होतं. आधी स्वतः खाल्लं, सावकाश, रेघेपर्यंत. मग बापापुढं डबा धरला.

"तफद्दल, बाबा."

मुन्धिरनं छातीवर हात ठेवला. "तुलाच लाभो, पोरी."

ती थांबली. परत पुढं केला. त्यानं परत छातीवर हात ठेवला, मान हलवली. तिला काही उमगेना. डबा तसाच धरून माझ्याकडं वळली आणि हळूच म्हणाली, "जिद्दो, त्यांनी घेतलं नाही. आता याचं काय करू?"

"आता खा," मी म्हणलं.

तिनं मुन्धिरकडं एकदा बघितलं, खरंच नको ना म्हणून. मग खाली बसली आणि रेघेच्या पलीकडचं खायला लागली.