बूच काढले ती दुपार

मित्रांनो, ओहोटी लागली की खारफुटीच्या कडेला चिखलात कुशीवर कललेली जी जुनी होडी दिसते, ती मी. होड्यांना भीती वाटत नाही, असे तुम्हाला वाटत असेल. वाटते. समुद्राला घाबरले नसेन इतकी मी माणसांना घाबरले आहे.

मला आब्सालोन नावाच्या कोळ्याने घडवले. नदीतून वाहवत आणलेल्या ओंडक्यांच्या फळ्या त्याने स्वतः कापल्या. काम झाले तेव्हा त्याची बायको ट्रान्सितो हिने माझ्या टोकावर उसाची दारू शिंपडली आणि उरलेली स्वतः प्यायली. पुष्कळ वर्षे मी त्या दोघांचे पोट भरले. "आब्सालोनची होडी नाही, पाण्यावरची घोडी आहे," असे धक्क्यावरचे लोक म्हणत आणि मी फुलून जाई. मग आब्सालोन तापाने गेला. मला घराखाली, खांबांच्या मधे पालथे घातले गेले. माझ्या पोटात खेकडे राहू लागले.

त्याच सुमारास एव्हेलिओ तुरुंगातून सुटून गावात आला. कोवळ्या वयात तो नोल्बेर्तो नावाच्या माणसासाठी होडीतून पांढऱ्या पुडक्यांची ने-आण करत असे. एकदा गस्तीच्या बोटीने धरले. एव्हेलिओ आत गेला, नोल्बेर्तो बाहेरच राहिला. आता एव्हेलिओला कुणी काम देईना. बर्फाच्या कारखान्यातून त्याला दारातूनच परत पाठवले. धक्क्यावर त्याने कुणाच्या होडीचा दोर धरला, की मालक घाईने म्हणे, "राहू दे, राहू दे, मी बघतो."

ट्रान्सितो जिन्यावर मासे खवलत बसली होती. तिने त्याला हाक मारली.

"काय रे, ही होडी सुलटी करता येईल का तुला?"

"येईल, मावशी. पण मी कुठून आलोय ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मी होडीचं विचारलं."

असा तो माझ्याकडे आला. त्याची भीती मला पहिल्याच दिवशी कळली. तो कुठल्याही बंद दारापुढे उभा राहून वाट पाही, कुणीतरी उघडेल म्हणून. मागून कुणी खांद्यावर हात ठेवला, की त्याचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे जात. खाडीतून बाहेर पडून उघड्या समुद्रात आलो, चारी बाजूंना एकही भिंत दिसेना, तेव्हा हा धिप्पाड गडी माझ्या तळाशी आडवा पडला आणि माझ्या फासळ्या घट्ट धरून राहिला. त्याच्या छातीची धडधड माझ्या फळ्यांना जाणवत होती. सुकाणू ट्रान्सितोच्या हातात होते. तिने त्याच्या हातात नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताचा डबा दिला आणि जाळे टाकायला घेतले. हळूहळू तो उठून बसू लागला. मग उभा राहू लागला. एकदा तर जाळे ओढताना गाऊही लागला, तेव्हा ट्रान्सितो म्हणाली, "गाऊ नकोस बाबा, मासे पळतील."

आणि मग नोल्बेर्तो आला.

पांढरेशुभ्र बूट घालून तो धक्क्यावरून माझ्यात उतरला. एव्हेलिओ जाळे विणत होता. त्याची सुई थांबली.

"एव्हे, भावा! वाळलास रे."

"काय पाहिजे?"

"होडी. उद्या पहाटे. मोटर माझी, माल माझा. तू फक्त खडकांमधून वाट काढायची. तुझ्यासारखी कुणाला येत नाही."

"मी ते सोडलं."

"सोडलंस? बरं केलंस." नोल्बेर्तोने माझ्या काठावर बोटाने टकटक केले. "तुझी आई अजून त्याच घरात राहते ना, लाकडाच्या? ऊन फार पडलंय यंदा. लाकूड कसं कोरडं ठणठणीत झालंय."

एवढे बोलून तो गेला. मित्रांनो, मी थरथरत होते. पलीकडच्या गावातली एक होडी अशाच 'फक्त एका फेरी'ला गेली होती. ती परत आली नाही, तिच्यातली माणसेही नाहीत. आता एव्हेलिओ मला नेणार, मी त्या पुडक्यांखाली दबणार, याबद्दल मला शंका उरली नव्हती. कोण कुणासाठी आपल्या आईचे घर जाळून घेईल?

दुपारी सारे गाव फुटबॉलच्या सामन्याला गेले. भरती ऐन भरात होती. एव्हेलिओ एकटाच आला. जाळ्याचे दगड एकेक करून त्याने माझ्यात रचले. मग वाकून माझ्या तळाच्या भोकातले लाकडी बूच दोन्ही हातांनी पिळले आणि उपटले.

पाणी आत घुसले. मला ओरडता येत असते तर मी ओरडले असते. याने मला सुलटे केले ते बुडवण्यासाठीच का? तो गुडघाभर पाण्यात उभा होता आणि म्हणत होता, "माफ कर गं, माफ कर." मग ओहोटी लागली. तिच्या ओढीने माझे जड अंग धक्क्याच्या खांबावर आपटू लागले. एकदा, पुन्हा, पुन्हा. माझ्या कुशीच्या फळ्या कडाडून फुटल्या.

सामना सुटला तेव्हा मी चिखलात पडले होते. लोक जमले.

"सांगितलं होतं की नाही? तुरुंगातला माणूस ठेवला. घ्या आता!"

नोल्बेर्तोही आला. त्याने माझी फुटकी कूस पाहिली, मग तळाचे भोक पाहिले.

"बूच कुठंय?" त्याने अगदी हळू विचारले.

एव्हेलिओ चिखलात उभा होता. त्याची उजवी मूठ आवळलेली होती.

ट्रान्सितो लुगडे सावरावे तसा झगा वर खोचून चिखलात उतरली. तिने माझ्या तळाशी हात घातला. रिकामे भोक चाचपले. मग एव्हेलिओकडे पाहिले, त्याच्या मुठीकडे पाहिले.

"बूच माझ्या चुलीत गेलं," ती मोठ्याने म्हणाली. "सडलं होतं. सकाळी ओहोटीत काढलं आणि नवं ठोकायचं विसरले. हसा लेको, म्हातारीला हसा! अरे एव्हेलिओ, बघत काय उभा राहिलास? हात दे, रुतलेय मी."

त्याला हलता येईना. तेव्हा तिनेच पुढे होऊन त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली आणि त्याच्या आधाराने पाय उपसला. हात सुटले तेव्हा त्याचा तळवा उघडा आणि रिकामा होता. तिचा हात झग्याच्या खिशात होता.

नोल्बेर्तोने तो रिकामा तळवा निरखून पाहिला. आपल्या पांढऱ्या बुटांवरचा चिखल झटकला आणि म्हणाला, "भिकारडी होडी." मग निघून गेला.

लोक पांगल्यावर ट्रान्सितो म्हणाली, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्हीही त्यात अडकला असता, मावशी."

"आता नाही का अडकले?" ती म्हणाली आणि माझ्या फुटक्या काठावर मटकन बसली. तिचेही पाय लटपटत होते.

मित्रांनो, नोल्बेर्तो अजून याच किनाऱ्यावर आहे. एव्हेलिओ माझ्या नव्या फळ्यांच्या फटीत कापूस आणि डांबर भरतो आहे. लांब कुठे मोटर वाजली की त्याचा हात थांबतो आणि माझे अंग आक्रसते. भीती गेलेली नाही. तुमच्याही गावात कुणी असा परत येईल. त्याला काम द्याल, तर फार चांगले कराल. पण काम देऊन घरी निघून जाऊ नका. त्याच्यामागे कोण लागले आहे, ते विचारा. आणि तो मागे लागलेला माणूस धक्क्यावर येऊन उभा राहिला, तर तुम्हीही पाय लटपटत का होईना, चिखलात उतरा.