हातांनी उतरवलेलं विमान

विमान उडवायला शिकण्याचं खूळ तिच्या डोक्यात बेचाळिसाव्या वर्षी शिरलं. खुळाला वय नसतं, आणि तिला नाही म्हणायची हिंमत घरात कोणालाच नव्हती, म्हणून ते तिथेच मुक्कामाला राहिलं. दोन मुली, एक नवरा आणि सकाळी नऊपासून बारा तास उघडं असणारं औषधांचं दुकान, एवढा पसारा सांभाळून ही बाई आठवड्यातून तीनदा पहाटे साडेचारला उठायची. मुलींचे डबे भरायची, गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर जायची, तासभर उडायची आणि नवाच्या ठोक्याला दुकानाचं शटर वर करायची. दुपारी एका हातात घास आणि दुसऱ्या हातात हवामानाचं पुस्तक. काउंटर सांभाळणारी धाकटी नणंद म्हणायची, "वहिनी, एक दिवस तू पुस्तकाचं पान मोडून तोंडात घालशील बघ."

लोकांना याचं कोण कौतुक! "कसं जमतं हो तुम्हाला?" असं येणारा जाणारा विचारायचा. तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "हाताला सवय झाली की जमतं." आपल्याकडे माणूस थकून पडेपर्यंत त्याला शाबासकी देतात आणि पडल्यावर विचारतात की आधी का नाही सांगितलं. तिला ती शाबासकी आवडायची, हे खोटं कशाला बोला.

तिच्या शिक्षकाला विमानतळावर सगळे कप्तान म्हणत. माणूस साठीचा, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं होतं, "बाई, विमान बिघडलं तर मला दिसतं. माणूस बिघडलं तर त्याचं त्यानेच सांगायचं असतं. ज्या दिवशी डोकं जागेवर नसेल, त्या दिवशी नुसतं 'आज नको' म्हणायचं. मी कारण विचारणार नाही. घरी जायचं आणि झोपायचं." सात महिन्यांत तिने एकदाही 'आज नको' म्हटलं नव्हतं.

त्या गुरुवारी पाचवा फेरा चालू होता. धावपट्टीवरून उडायचं, डावीकडे वळत मोठा चौकोन घालायचा आणि पुन्हा त्याच धावपट्टीवर उतरायचं, एवढंच काम. आदल्या दिवशी दुकानात माल आला होता, धाकट्या मुलीला ताप होता, झोप जेमतेम तीन तासांची झाली होती. पण हवा स्वच्छ होती आणि इंजिन एका सुरात चाललं होतं. डाव्या पंखाखालून पाण्याची पांढरी टाकी मागे सरकली, हे तिने पाहिलं.

मग चाकं जमिनीवर होती.

मधलं काहीच नव्हतं. टाकीपासून धावपट्टीपर्यंत तीन मिनिटांचं अंतर, दोन वळणं, उंची कमी करणं, रेडिओवर कळवणं. त्यातलं एक अक्षर तिला आठवेना. तिने पंखांच्या झडपांची दांडी पाहिली. उतरताना असावी तशी ती बरोबर शेवटच्या खाचेत होती. ती कोणी ओढली? कप्तानने ओढली असेल, अशी एक वेडी आशा तिला वाटली. पण कप्तान हाताची घडी घालून बसला होता आणि चक्क हसत होता.

"सात महिने याची वाट बघत होतो," तो म्हणाला. "आतापर्यंतचं सगळ्यात सुरेख उतरणं. मी एक बोट लावलं नाही."

"रेडिओवर मी... नीट बोलले ना?"

"घड्याळासारखं. हातांना कळलं बघा तुमच्या. आता शनिवारी एकटीने उडायचं. मी खाली उभा राहून चहा पिणार."

सांगायचं होतं ते अगदी ओठांवर होतं. सर, मी तिथे नव्हते. पाच शब्दसुद्धा नाहीत. पण एकटीने उडण्याचा दिवस आधीच दोनदा वाऱ्यामुळे पुढे ढकलला गेला होता. मुलींनी वर्गात सांगून टाकलं होतं. नवऱ्याने त्या सकाळची रजा काढली होती. आणि आज हे सांगितलं तर हा माणूस तिला शनिवारी तर सोडाच, महिनाभर एकटीला सोडणार नाही. शिवाय विमान उतरलं होतंच की, आणि तेही सुरेख. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती म्हणाली, "थँक्यू, सर," आणि गाडीत जाऊन बसली.

दुकान उघडलं आणि गर्दीने तिला ताब्यात घेतलं. दुकानाच्या मागे तिची एक छोटी खोली होती. जी औषधं तयार मिळत नाहीत, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे ती तिथे स्वतः बनवून द्यायची. खल, तराजू, तपकिरी बाटल्या आणि एक नोंदवही. गावात हे काम करणारी ती एकटीच होती, आणि सतरा वर्षांत तिच्या बाटलीबद्दल कोणाची तक्रार आली नव्हती.

साडेबाराला ती डबा उघडून बसली आणि घास हातातच राहिला. सकाळचं ते पुन्हा पुन्हा समोर येत होतं. टाकी, मग चाकं. मधे कोरं. आणि मग, का कोण जाणे, तिने स्वतःची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. नऊ वाजता काय केलं? खोकल्याची औषधं दिली, आठवतंय. साडेनवाला? चष्मेवाल्या मास्तरांशी बोलले, आठवतंय. दहाला?

दहाला एक आजोबा आले होते. पाच महिन्यांच्या नातवासाठी औषध हवं होतं. बाळाचं हृदय फार जोरात धावायचं, ठोके हळू करायचं औषध होतं. "बाई, पहिलंच नातवंड आहे," असं ते म्हणाले होते. हे आठवतंय. नंतर लेबल लावलेली बाटली त्यांच्या हातात दिली, तेही आठवतंय.

बाटली बनवलेली आठवत नव्हती.

डबा तसाच टाकून ती मागच्या खोलीत गेली. नोंदवहीत तिच्याच वळणदार अक्षरात सगळं होतं. गोळी एक. सिरप, पाणी, वेळ, सही. कुठे खाडाखोड नाही. पण नोंद ती नेहमी आधी करायची आणि औषध नंतर बनवायची, घाईच्या दिवसांत तिने लावून घेतलेली ही एक सवय. कागद काय, सांगाल ते सांगतो.

तिने खण उघडला. दहा गोळ्यांची पट्टी, त्यातली एक वापरली, म्हणजे नऊ उरायला हव्यात. खणात फोडलेली पट्टी नव्हती. तिने सगळी पाकिटं बाहेर काढली, हात आत घालून चाचपलं. मग ती खाली बसली आणि कचऱ्याचा डबा जमिनीवर उलटा केला.

पट्टी सापडली. दहाही घरं फुटलेली होती.

ते कसं झालं असणार, हे तिला लगेच कळलं. वृद्धाश्रमातल्या एका म्हाताऱ्याला गोळी गिळता येत नसे. गेली तीन वर्षं दर मंगळवारी ती त्याच्यासाठी याच गोळ्यांची अख्खी पट्टी कुटून याच मापाची बाटली भरत आली होती. आज मंगळवार नव्हता. पण हातांना वार कळत नाहीत. त्यांनी पट्टी उचलली, एकामागून एक गोळी फोडली, कुटलं, ढवळलं, एक थेंब न सांडता बाटली भरली. उत्तम काम केलं. आणि ती स्वतः तेव्हा कुठे होती, ते देवालाच ठाऊक.

सकाळी 'आज नको' एवढंच म्हटलं असतं, तर ती या वेळी घरी अंथरुणात असती आणि दुकानाला टाळं असतं.

"ताप चढलाय का तुला? पांढरीफटक पडलीयेस," नणंद दारात येऊन म्हणाली. "तुझ्या कप्तानचा फोन होता. शनिवारी सहाला म्हणे, हवा चांगली आहे."

"चिठ्ठीवर पत्ता आहे त्या बाळाचा. अ‍ॅम्ब्युलन्स पाठव तिथे. आत्ताच्या आत्ता."

"कोणत्या बाळाचा? काय झालंय?"

"मी चुकीची बाटली दिलीय. दसपट औषध आहे त्यात. उभी काय राहिलीस, लाव ना फोन!"

नणंद धावली. इकडे हिने स्वतःच्या मोबाईलवर नोंदवहीतला आजोबांचा नंबर दाबला. बोटांनी तो दोनदा चुकवला. सकाळी हीच बोटं किती शहाण्यासारखी वागली होती! सहा वेळा घंटी वाजल्यावर फोन एका म्हाताऱ्या बाईने उचलला.

"मी औषधांच्या दुकानातून बोलतेय. बाळाला ते औषध अजून दिलं नाही ना?"

"अगं बाई, दिलं की!" आजी खुशीत होती. "डॉक्टरांनी बारा म्हटलं, म्हणजे बाराला दिलं, एक मिनिट इकडे तिकडे नाही. शहाण्यासारखं प्यायला हो. आणि तुमच्या हाताला गुण आहे बरं का. महिनाभर पोरगं रडून रडून हैराण होतं, आज औषध पोटात गेलं आणि कसं गाढ झोपलंय! आम्ही टीव्हीसुद्धा बंद ठेवलाय."

"आजी, त्याला उठवा."

"अहो, आत्ता तर डोळा लागलाय—"

"उठवा त्याला. माझ्याकडून चूक झालीय, औषध फार जास्त पडलंय. अ‍ॅम्ब्युलन्स निघालीय. तुम्ही त्याला आधी उठवा."

पलीकडे पावलं ऐकू आली. आजीने बाळाला आधी लाडाने हाक मारली, झोपलेल्या पोराला मारतात तशी. मग जरा मोठ्याने. मग टाळी वाजवली, पुन्हा वाजवली. इकडे ती फोन कानाशी घट्ट धरून बसली होती, आणि या वेळी तिला प्रत्येक क्षण कळत होता. पलीकडे फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला, आणि आजी बाळाला हाक मारायची थांबून सुनेला हाका मारू लागली.