मेडियाची भाषा

लूर्दने शेवटचं वाक्य वाचलं, कागद मांडीवर उलटा ठेवला आणि काही चुकल्यासारखी सगळ्यांकडे बघत राहिली. दोहातल्या अल गराफाच्या त्या व्हिलाच्या हॉलमध्ये दहा-बारा माणसं बसली होती. बबीताने चहात बुडवलेलं बिस्कीट तुटून कपात पडलं, तरी तिचा हात तसाच कपावर राहिला.

राजश्रीला ते बिस्कीट पडताना दिसलं. वाचणाऱ्या बाईने समोरच्यांचा चहा थांबवला म्हणजे काय झालं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. लग्नाआधी सांगलीत नाटकं करताना तिने स्वतः कितीदा तरी तो थांबवला होता.

“खलास,” अभिजित हळूच म्हणाला. “मेडिया सापडली.”

अभिजित दिवसभर एका कंपनीत इंजिनिअर असायचा आणि संध्याकाळी मराठी मंडळाचा दिग्दर्शक. या वर्षी त्याच्या डोक्यात ग्रीक पुराणातल्या बायका शिरल्या होत्या, त्याही भल्या नव्हे, ज्यांच्या नावाने पुरुषांची झोप उडावी अशा. माणसांची डुकरं करून ठेवणारी सर्सी. युद्ध जिंकून आलेल्या नवऱ्याला न्हाणीघरात मारणारी क्लायटेम्नेस्ट्रा. आणि मेडिया. प्रेमापायी बाप, भाऊ, देश सगळं सोडून परक्या गावात आलेली. नवऱ्याने राजाच्या मुलीशी लग्न ठरवलं, तेव्हा हिने नव्या नवरीला भरजरी वस्त्र पाठवलं, विषात भिजवलेलं. आणि मग स्वतःच्या पोरांचा जीव घेतला. तिघींची तीन लांब स्वगतं अभिजितने स्वतः लिहिली होती.

सर्सी तय्यबाला मिळणार, क्लायटेम्नेस्ट्रा बबीताला मिळणार, हे ठरल्यासारखंच होतं. मेडिया कोण, हे विचारायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नव्हती. राज्य नाट्य स्पर्धेत दोनदा अभिनयाचं बक्षीस मिळवलेली बाई दोहाच्या मंडळात एकच होती. राजश्रीने वाचनाच्या आधीच सगळं स्वगत पाठ करून टाकलं होतं.

लूर्द आली होती ती बबीताबरोबर, नुसती बघायला. वसईची. एका हॉस्पिटलात नर्स. नवरा ट्रेवर जहाजावर, सहा वर्षांची जेनिफर वसईला आजीकडे. उभ्या आयुष्यात स्टेजवर पाऊल नाही. अभिजितने गमतीने कागद तिच्या हातात दिला, “तू पण वाच गं,” म्हणून. तिने ‘मला’ला ‘मना’ केलं, ‘माझं घर’चं ‘माजा घर’ केलं आणि वाचत गेली.

“तुज्यापायी माज्या बापाचा घर सोडला मी. आता तू मना विचारते, मी कोण?”

हे वाक्य राजश्रीच्या कानातून जाईना.

निघताना अभिजित तिच्या गाडीपर्यंत आला. “ताई, तुमचं वाचन अचूक होतं. पण मेडिया त्या गावात परकी आहे. तिने तोंड उघडलं की लोकांना कळलं पाहिजे, ही इथली नाही. लूर्दला ते वेगळं करावं लागत नाही.”

“बरोबर आहे,” राजश्री म्हणाली. “मी कपडेपट बघते.”

“खरंच? मोठं मन आहे तुमचं.”

तिने सीटबेल्ट लावला. तो लागला नाही, म्हणून पुन्हा जोरात लावला.

लूर्दलाही राजश्रीच्या घराकडे, अल सद्दलाच जायचं होतं, म्हणून ती राजश्रीच्याच गाडीत बसली. पर्स मांडीवर धरून, सिग्नलच्या आकड्यांकडे बघत.

“ताई, खरं सांगा हां. तुमी मोठ्या आर्टिस्ट. माजा बोलना ऐकून लोक हसतील काय?”

सिग्नलला अजून चाळीस सेकंद होते. राजश्रीने आरशात बघून कपाळावरची टिकली नीट केली. नीटच होती ती.

“थोडे हसतील,” ती म्हणाली. मग लूर्दच्या हातावर हात ठेवला. “पण तू कशाला काळजी करतेस? मी आहे ना. मंगळवारी तुला सुट्टी असते ना? ये घरी.”

लूर्द मंगळवारी आली, पुढच्या मंगळवारी आली, आणि मधल्या दिवशी ड्यूटी लवकर सुटली की तेव्हाही येऊ लागली. येताना कधी केळी आणायची, कधी हॉस्पिटलच्या कँटीनमधला केक. राजश्री टीव्ही बंद करायची, चहा ठेवायची आणि पेन्सिल घेऊन समोर बसायची.

“तुज्यापायी नाही. तुझ्यासाठी.”

“तुझ्यासाठी.”

“बापाचा घर नाही. पित्याचे घर. आणि सोडला नाही, त्यागले.”

“त्यागले,” लूर्द म्हणाली, आणि पेन्सिलीच्या टोकाकडे बघत पुन्हा म्हणाली, “त्यागले.”

विद्यार्थिनी गुणाची होती. सांगितलेलं एकदा चुकायची, दुसऱ्यांदा नाही. शेवटाकडे मेडिया पोरांना हाक मारते, तिथे तिच्या तोंडून अजून “पोरांनू, या माज्याजवळ” असं निसटायचं. तेवढ्या एका वाक्याने राजश्रीच्या दंडावर काटा यायचा. ती दंडावरून पदर ओढून घ्यायची. तिने त्याचं “मुलांनो, माझ्या समीप या” केलं आणि लूर्दकडून ते अकरा वेळा म्हणून घेतलं. अकराव्या वेळी काटा आला नाही. तेव्हा कुठे ती उठून दुसरा चहा टाकायला गेली.

तिचा नवरा शिवराज ऑफिसातून आला की दारातच बूट काढत दोघींकडे बघायचा. एकदा लूर्द गेल्यावर म्हणाला, “किती करतेस तू तिच्यासाठी. दुसरी कुणी असती तर जळून खाक झाली असती.”

“त्यात काय,” राजश्री म्हणाली, आणि पेन्सिलीला टोक करत बसली. टोक मोडलं. पुन्हा केलं.

प्रयोगाला आठ दिवस राहिले, तेव्हा अभिजितने तिघींची सलग तालीम घेतली. बबीता झाली, तय्यबा झाली. लूर्द उभी राहिली आणि बोलू लागली. एक अक्षर चुकलं नाही. शाळेत बक्षीस समारंभाला पाहुण्यांची ओळख करून देतात, तसं सगळं नीट, स्वच्छ. मागे कुणीतरी मोबाइल काढला. तय्यबा बबीताच्या कानात काहीतरी बोलली.

अभिजितने मध्येच हात वर केला. “थांब. हे कुणी बदललं?”

राजश्री कोपऱ्यात बसून मेडियाच्या वस्त्राला काठ लावत होती. तिने सुई आत घातली ती बाहेर काढलीच नाही.

“मीच, सर,” लूर्द म्हणाली. तिने कोपऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “स्टेजवर शुद्ध पाहिजे ना.”

“मला शुद्ध नको आहे. तुझं हवं आहे. पहिल्या दिवशी वाचलंस तसं बोल. यल्ला, चल.”

लूर्दने डोळे मिटले आणि सुरुवात केली. ‘मना’ म्हणायला गेली आणि ‘मला’ आलं. थांबली. ‘माजा घर’ म्हणाली, पण ते कुणाची तरी नक्कल केल्यासारखं वाटलं. तिचं तिलाच हसू आलं, आणि मग ती हसायची थांबली. अभिजितने तिला चार दिवस दिले. रोज फोन करून समजावलं. ती रोज थोडी अधिकच अडखळत गेली. पाचव्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर, शब्द जपून वापरत, मेडिया राजश्रीला दिली. स्वगत पुन्हा होतं तसं केलं, त्याने लिहिलं होतं तसं.

“मी कपड्यांचं बघीन,” लूर्द लगेच म्हणाली. “ताईंनी बरंचसं केलंच आहे.”

शुक्रवारी दुपारी चारचा प्रयोग होता, एका शाळेच्या सभागृहात. वर्गाच्या खोलीतच रंगपट केला होता. छोट्या बाकांवर मुकुट, पिना, पावडर असं सगळं मांडलेलं. लूर्द गुडघ्यावर बसून राजश्रीच्या वस्त्राची खालची घडी टाचत होती. तोंडात तीन पिना. राजश्रीची नजर एकसारखी त्या पिनांकडे जात होती.

तेवढ्यात बाकावर ठेवलेला लूर्दचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. तिने पिना हातात घेतल्या आणि फोन डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर पुढचा एक दात पडलेली मुलगी आली.

“जेनिफर, कशी आहेस बाळा? जेवलीस का? मला तुझी खूप आठवण येते.”

मुलगी फोन जवळ घेऊन टक लावून बघत राहिली. मग मान वळवून ओरडली, “आजी, मम्मी बघ टीचरसारी बोलते!”

“अगं नाही, मीच...” लूर्द हसली. काहीतरी शोधत असल्यासारखी तिची नजर खोलीच्या फळ्यावर गेली. “मीच आहे गं. मम्मी.”

पण तोवर मुलीने फोन ठेवून दिला होता, कॉल बंद न करताच. पडद्यावर वसईच्या घरातला पंखा फिरताना दिसत होता. लूर्दने थोडा वेळ पंख्याकडे पाहिलं, मग बोटाने तो बंद केला.

“हात वर करा, ताई.”

राजश्रीने हात वर केले. तिला काही बोलायचं होतं. बाहेरून घंटा झाली.

प्रयोग चांगला झाला, असंच म्हटलं पाहिजे. राजश्रीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता, जागा चुकत नव्हत्या, पोरांना हाक मारताना तिने घेतलेला थांबा अगदी बेतून घेतलेला होता. त्या थांब्यात मधल्या रांगेत कुणीतरी पाण्याची बाटली उघडली. प्लॅस्टिकचा तो कडकड आवाज तिला स्पष्ट ऐकू आला, आणि त्या माणसाने दोन घोट पाणी पिऊन झाकण पुन्हा लावेपर्यंत ती थांबून राहिली. शेवटी लोक उभे राहिले. टाळ्या खूप वेळ चालल्या. शिवराज सगळ्यात पुढे.

कुणीतरी हातात फुलं दिली. ती तशीच, मेडियाच्या वस्त्रात, पार्किंगच्या दाराने बाहेर आली. लूर्द फुटपाथवर टॅक्सीची वाट बघत उभी होती. सात वाजता तिची ड्यूटी होती, हातातल्या पिशवीत युनिफॉर्म.

“छान झालं, ताई,” ती म्हणाली.

“लूर्द, त्या दिवशी गाडीत मी म्हटलं, लोक हसतील.” राजश्रीला वाटलं होतं, हे बोलायला जड जाईल. ते एका दमात आलं. “कुणी हसलं नसतं. मला ते तेव्हाच माहीत होतं.”

“मलाही.”

फुलांचा प्लॅस्टिकचा कागद राजश्रीच्या हातात चुरगळला.

“अभिजितसरांचा दुसऱ्याच दिवशी फोन आला होता. बोलणं बदलू नको, म्हणाले, त्यासाठीच घेतलंय तुला. तुमच्याकडे यायच्या आधीच कळलं होतं.”

“मग आलीस कशाला?”

लूर्दने उत्तर द्यायला वेळ लावला. हल्ली ती बोलण्याआधी असा वेळ लावायची.

“बारा तास ड्यूटी असते, ताई. पेशंटशी हिंदी, डॉक्टरशी इंग्लिश. रूमवर तिघी केरळच्या, चांगल्या आहेत बिचाऱ्या. आणि तुम्ही टीव्ही बंद करून समोर बसायचा. माझ्या तोंडाकडे बघायचा. एक शब्द सोडायचा नाही.” ती थोडी ओशाळली. “आठ वर्षांत इथे माझं बोलणं इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नाही. म्हटलं, नाटक गेलं तर गेलं.”

“आणि जेनिफर?”

“हो, तिला नवं वाटतंय.” लूर्दने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “होईल सवय.”

टॅक्सी आली. लूर्दने वाकून राजश्रीच्या वस्त्राच्या घडीतून राहिलेली एक पिन काढली आणि स्वतःच्या ओढणीला टोचून ठेवली. “येते, ताई.”

दार लागलं. टॅक्सी वळून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत राजश्री उभी होती. मागून अभिजित धावत आला, घामाघूम, खूश.

“ताई, इथे काय करताय? सगळे फोटोसाठी थांबलेत. आणि ऐका, पुढच्या महिन्यात दुसरा प्रयोग मागताहेत. मेडिया करताय ना?”

“करते,” राजश्री म्हणाली. विचार करायच्या आधीच म्हणाली. मग फुलं त्याच्या हातात देऊन रस्त्याकडे बघत तिने विचारलं, “लूर्दची सुट्टी अजून मंगळवारीच असते का हो?”